जुनी शिडाची बोट आणि तिची बेताची मोटर

मुंबईची उपनगरे रेल्वे स्थानकांच्या नावांनी ओळखली जात असली, तरी अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतचा पट्टा पश्चिमेला वेसावे, मढ, मार्वे, मनोरी आणि गोराई येथील खाड्यांना भिडलेला आहे, तर घाटकोपर, भांडुप व मुलुंडच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आणि तिचे विस्तीर्ण चिखलपट्टे आहेत. अशा पाण्यात वीस फुटांच्या आतबाहेरची शिडाची बोट सोयीची ठरते, कारण ती गाडीमागे ट्रेलरवर नेता येते आणि तिच्या तळातली उभी फळी, म्हणजे सेंटरबोर्ड, वर ओढून घेतली की ती उथळ पाण्यातही तरंगते. नवी बोट महाग पडत असल्याने हौशी माणूस बहुधा जुन्या बोटीकडे वळतो आणि सर्वप्रथम तिला किती अश्वशक्तीची मोटर बसवावी, याची चौकशी सुरू करतो. वास्तविक हा प्रश्न शेवटी विचारण्याचा आहे. त्याचे उत्तर बोटीचे अंग आणि खाडीचे पाणी या दोघांनी आधीच ठरवून ठेवलेले असते.

पाण्याचा विचार भरती-ओहोटीपासून करावा लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या भरतीला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी सुमारे पाच मीटरपर्यंत चढते आणि ओहोटीला खाडीचा मोठा भाग चिखलासह उघडा पडतो. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. त्यानुसार चतुर्थीला ती तीनच्या, तर अष्टमीला सहाच्या सुमारास येते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडावे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परतावे, हे शिडाचे वेळापत्रक भरतीच्या या हिशेबाशी जुळले तर मोटर जवळजवळ लागतच नाही. ती खरोखर लागते ती वारा पडलेला असताना, खाडीच्या मुखाशी ओहोटीचा ओढा समोरून येत असताना.

बोटीच्या डागडुजीची परंपरा या किनाऱ्याला नवी नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात कोळी बांधव आपल्या बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेपूर्वी त्यांची दुरुस्ती व रंगकाम उरकून घेतात. मात्र लाकडी बोटीचे शास्त्र फायबरच्या बोटीला जसेच्या तसे लागू पडत नाही. लाकूड उन्हात फार वाळले तर फळ्यांचे सांधे उघडतात, म्हणून त्याला थोडी ओल मानवते. काचतंतू आणि रेझिन यांच्या थरांनी बनलेल्या फायबरला दुरुस्तीच्या वेळी ओल अजिबात चालत नाही. पावसाळी दमट हवेत इपॉक्सी रेझिन वाळताना त्यावर मेणचट साय धरते आणि ती धुऊन न काढता वर दुसरा थर दिल्यास तो नीट चिकटत नाही. त्यामुळे पावसाळ्यात बोट झाकून ठेवावी, खोलून तपासावी आणि चिकटवण्याचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांवर सोडावे, हे श्रेयस्कर.

तपासणीसाठी महागड्या यंत्राची गरज नसते. स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने बोटीच्या वरच्या पृष्ठभागावर वितीवितीच्या अंतराने ठोकत गेले असता भरीव जागी खणखणीत आवाज येतो, आणि आतील प्लायवूड किंवा बाल्सा लाकूड कुजले असेल तेथे तो बद्द होतो. अशा जागा खडूने आखून घेतल्या की खराबीचा पसारा डोळ्यांसमोर उभा राहतो. कूज बहुधा स्क्रू, बोल्ट आणि खुंट्यांच्या भोवती सुरू होते, कारण तेथूनच पाणी आत झिरपते. सर्वांत काटेकोर तपासणी बोटीच्या मागच्या उभ्या फळीची करावी लागते, कारण आउटबोर्ड मोटर, म्हणजे इंजिन, दांडा आणि पंखा यांची एकसंध जुळणी, याच फळीवर शिकंज्याने अडकवली जाते आणि तिचे वजन व रेटा दोन्ही फळीला सोसावे लागतात. कुजलेला भाग निर्दयपणे कापून काढावा, भारतीय मानक ७१० प्रमाणे बनलेले मरिन प्लायवूड आत बसवावे आणि बाहेरच्या फायबरची कड त्याच्या जाडीच्या सुमारे बारापट रुंदीत उतरती घासून मगच नवे थर द्यावेत; उतार आखूड ठेवला तर जोड त्याच जागी पुन्हा उकलतो.

त्यानंतर डोलकाठी आणि तिला उभी धरणाऱ्या पोलादी तारा येतात. खाऱ्या हवेत स्टेनलेस पोलादही सांध्यांच्या आत, नजरेआड गंजते; तारेचा एखादा धागा तुटलेला किंवा टोकाशी तपकिरी डाग दिसला, तर ती पुसून वापरण्यापेक्षा बदलणे स्वस्त पडते, कारण तार तुटली की डोलकाठी कोसळते.

अंग धडधाकट झाल्यावरच मोटरीचा हिशेब मांडता येतो. पाणी कापत जाणाऱ्या जड तळाच्या बोटीला वेगाची नैसर्गिक मर्यादा असते: पाण्याला टेकलेल्या लांबीचे फुटांतील वर्गमूळ १.३४ ने गुणले की तो वेग नॉटमध्ये मिळतो. सोळा फुटांच्या लांबीसाठी तो ५.४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १० किलोमीटर येतो आणि त्यापुढे कितीही शक्ती लावली तरी बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढणीत अडकते. म्हणून अशा बोटीला चार ते सहा अश्वशक्ती पुरते. अश्वशक्तीपेक्षा दांड्याची लांबी महत्त्वाची ठरते; १५ इंची आखूड दांड्याचा पंखा लाटेत बोटीची मागची बाजू उचलली की हवेत फिरू लागतो, त्यामुळे शिडाच्या बोटीला सहसा २० इंची लांब दांडा लागतो. पंख्याच्या पात्यांचा पीळही कमी असावा, म्हणजे कमी वेगातही रेटा मिळतो.

टू-स्ट्रोक मोटर हलकी आणि दुरुस्तीला सोपी असते, परंतु तिच्या पेट्रोलात तेल मिसळावे लागते आणि धूर बराच होतो. फोर-स्ट्रोक शांत व इंधन वाचवणारी असली तरी सहा अश्वशक्तीला तिचे वजन सुमारे पंचवीस किलो भरते आणि हलक्या बोटीची मागची बाजू तेवढ्याने दबते. खाडीकाठच्या मोठ्या मासेमारी नौकांत आतच डिझेल इंजिन बसवलेले असते आणि बोट एक, दोन किंवा सहा सिलिंडरची म्हणून ओळखली जाते. ती मोजपट्टी शिडाच्या लहान बोटीला लावू नये.

दोन गोष्टी येथे विशेष जपाव्या लागतात. सध्याच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतील ओल शोषून घेते, म्हणून बोट महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी आणि कार्बोरेटरमधले इंधन इंजिन चालवूनच संपवावे. दुसरी गोष्ट खाडीतल्या प्लास्टिकची. इंजिन थंड ठेवणारे पाणी सतत बारीक धारेने बाहेर पडत असते. पिशवी किंवा चिखल पाणी आत घेणाऱ्या जाळीला चिकटला की ती धार मंदावते, आणि ती थांबल्यानंतरही मोटर चालू ठेवली तर इंजिन तापून जाम होते. प्रत्येक फेरीनंतर मोटरीतून गोडे पाणी फिरवणे आणि मोटरीला गंजण्यापासून वाचवणारा जस्ताचा तुकडा झिजला की बदलणे हा खर्च नगण्य, पण आयुष्य वाढवणारा आहे.

लहान बंदरे महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येत असल्याने नोंदणी व परवानगीची चौकशी बोट घेण्यापूर्वीच करणे शहाणपणाचे ठरते. खर्चाचा क्रम मग आपोआप लागतो: आधी अंग, मग डोलकाठी व तारा, मग शीड आणि उरलेल्या पैशांत बेताची मोटर. हा क्रम उलटवणाऱ्याला महागड्या मोटरीसाठी पुन्हा कुजकी फळी बदलावी लागते, आणि तोवर कोरडे महिने निघून गेलेले असतात.