लिनक्समधील नेटवर्क कार्डांचा क्रम

एकाच संगणकात दोन नेटवर्क कार्डे असली, की बहुधा एक इंटरनेटला आणि दुसरे कार्यालयातील अंतर्गत जाळ्याला जोडलेले असते. लिनक्सचे कर्नल त्यांना 'ईटीएच०', 'ईटीएच१' अशी नावे देते, ती कार्डे ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने. संगणक पुन्हा सुरू केल्यावर हा क्रम बदलू शकतो. फायरवॉलचे नियम या नावांवरच बेतलेले असतील, तर बाहेरच्यांसाठी मिटलेले दार नकळत उघडे पडते.

२०१३ साली सिस्टमडीच्या १९७व्या आवृत्तीने कार्डाच्या जागेवरून नाव देण्याची पद्धत आणली. 'ईएनपी३एस०' म्हणजे पीसीआय बस ३, स्लॉट ०. नाव ओबडधोबड खरे, पण पूर्वीपेक्षा भरवशाचे. मात्र नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्यास बसचा क्रमांकही सरकू शकतो.

महत्त्वाच्या सर्व्हरवर म्हणूनच कार्डाच्या मॅक पत्त्याचा आधार घ्यावा. 'ईटीसी' निर्देशिकेतील 'सिस्टमडी/नेटवर्क'मध्ये प्रत्येक कार्डासाठी 'लिंक' प्रकारची फाइल तयार करून 'मॅच' विभागात मॅक पत्ता आणि 'लिंक' विभागात आपल्या पसंतीचे नाव लिहावे. 'लॅन०' चालेल, 'ईटीएच०' मात्र टाळावे. कर्नलने ते नाव आधीच दुसऱ्या कार्डाला दिलेले असल्यास नामांतर फसते.