विश्लेषण : मुंजा, गिऱ्हा, हडळ... मित्रांच्या मैफलीत भुतांच्या गोष्टी का रंगतात? गंमत कुठे संपते आणि गुन्हा कुठे सुरू होतो?

बाहेर पाऊस, गेलेली वीज, हातात वाइनचा ग्लास किंवा माडीचा पेला आणि भोवती चार-सहा जिवाभावाचे मित्र. अशा बैठकीचा पहिला तास नोकरी, राजकारण आणि क्रिकेटमध्ये जातो. मग कुणीतरी आवाज खाली आणतो आणि म्हणतो, ‘आमच्या गावात एकदा...’. त्यानंतर मोबाइल बाजूला पडतात. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आणि २०२४ मध्ये ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट गाजला, तेव्हा कोकणातल्या या गोष्टी देशभर पोहोचल्या. पण त्या आल्या कुठून, त्या ऐकताना मजा का येते आणि त्या धोकादायक कधी ठरतात?

कोकणात भुतांचे प्रकार किती?

कोकणात ‘भूत’ एवढे म्हणून भागत नाही. कोणते भूत, हे सांगावे लागते. मुंजा पिंपळावर किंवा विहिरीजवळ राहतो. मुंज झाल्यावर लगेच मेलेल्या मुलाचे ते भूत. गिऱ्हा पाण्याकाठी असतो. बुडून मेलेल्याचे किंवा खून झालेल्याचे ते भूत, रात्री नावाने हाक मारून माणसाला पाण्याकडे नेते. वारस नसलेला किंवा उत्तरक्रिया न झालेला माणूस समंध होतो. झोटिंग हे खारवी किंवा कोळ्याचे भूत मानतात. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, सवाष्ण मेली तर जखीण आणि विधवा मेली तर लावसट. याशिवाय खवीस, देवचार, ब्रह्मग्रह आहेतच. या सर्वांचा राजा वेताळ. गावागणिक तपशील बदलतो, पण प्रत्येक भुताला ठरलेली जागा आणि ठरलेले कारण असते.

या गोष्टी कागदावर कोणी आणल्या?

यामागचा इतिहास एखाद्या कादंबरीत शोभावा असा आहे. नाशिकचा ब्रिटिश कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हा संस्कृतचा अभ्यासक होता. त्याने लोकसमजुतींविषयीची प्रश्नावली गुजरात आणि कोकणातील शाळामास्तरांकडे पाठवली. मास्तरांनी गावातल्या जाणत्यांना विचारून उत्तरे लिहून पाठवली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगावेळी अनंत कान्हेरे या तरुण क्रांतिकारकाने जॅक्सनचा वध केला. मागे राहिलेल्या या कागदांचे संकलन आर. ई. एन्थोवेन या अधिकाऱ्याने केले. त्यातला कोकणचा खंड १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आज इंटरनेटवर कोकणी भुतांच्या ज्या याद्या फिरतात, त्यांतील बराच मजकूर कळत-नकळत या जुन्या नोंदींशी जुळतो. नाव साहेबाचे लागले, पण माहिती मराठी शाळामास्तरांनी गोळा केली होती.

भूत होते तरी कोण?

ही यादी पुन्हा वाचली की एक गोष्ट लक्षात येते. म्हातारपणी, भरल्या घरात, नातवंडांच्या देखत गेलेला माणूस सहसा भूत होत नाही. भूत होतो तो ज्याचे काहीतरी राहून गेले, किंवा ज्याच्यावर अन्याय झाला. मुंज होऊन संसार न पाहिलेला मुलगा, बाळंतपणात गेलेली बाई, बुडालेला, मारला गेलेला, वारस नसलेला. प्रसूतीत बायका सर्रास दगावत होत्या त्या काळात हडळीची गोष्ट घरोघरी असणे नवलाचे नव्हते. विधवेला जिवंतपणी घरात जागा नव्हती. मेल्यावर तिला वेगळे नाव तरी मिळाले.

जातही सुटली नाही. मुंजा आणि ब्रह्मग्रह ब्राह्मणांचे, झोटिंग कोळ्या-खारव्यांचा, अशी विभागणी या नोंदींत सरळ दिसते. म्हणजे मैफलीत सांगितली जाणारी गोष्ट वरून भुताची असली, तरी आतून ती गावाची असते. कोण अकाली गेले आणि कुणाचे दुःख कुणी बोलून दाखवले नाही, याची ती आठवण असते.

वेताळ भूत की देव?

दोन्ही. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ आरवलीचा वेतोबा प्रसिद्ध आहे. त्याला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या मोठ्या चपला अर्पण करतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. गोव्यातही आमोणे, पैंगीण अशा गावांत वेताळाची देवळे आहेत. गोव्यात देवचार हा बऱ्याच ठिकाणी सीमेवरचा राखणदार असतो आणि त्याला रोट, विडी आणि दारू ठेवतात. बैठकीतल्या पेल्यात तोही वाटेकरी!

कथेतला वेताळ तर स्वतःच गोष्टी सांगतो. ‘वेताळ पंचविशी’त राजा विक्रम त्याला खांद्यावर घेऊन स्मशानातून चालतो आणि वेताळ प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कोडे घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शकले होणार, बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. अकराव्या शतकात सोमदेवाने ‘कथासरित्सागर’मध्ये या कथा घेतल्या. १८७० मध्ये रिचर्ड बर्टनने त्यातील काही कथा इंग्रजीत नेल्या, तेव्हा वेताळाला त्याने ‘व्हॅम्पायर’ केले. वेताळ रक्त पीत नाही, प्रश्न विचारतो, हा फरक त्यात हरवला.

चकवा लागतो म्हणजे काय होते?

गावाकडच्या बैठकीत हमखास निघणारा विषय म्हणजे चकवा. पायाखालची वाट असूनही माणूस रात्रभर त्याच शेताभोवती फिरत राहतो आणि उजाडल्यावर आपण घरापासून हाकेच्या अंतरावर होतो हे त्याला कळते. हे सांगणारा खोटे बोलत असेलच असे नाही. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना जर्मनीतील जंगलात आणि ट्युनिशियातील वाळवंटात सरळ चालायला सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ चालले. तो ढगाआड गेला किंवा मावळला, की ते नकळत वळू लागले, काही जण स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडून गेले. डोळ्यांवर पट्टी बांधल्यावर काहींची वर्तुळे २० मीटर व्यासाइतकी लहान झाली. दिशेची खूण नसेल तर शरीरातील छोट्या चुका साठत जातात आणि माणूस गोल फिरतो. अमावास्येच्या रात्री, ढगाळ आभाळाखाली, पोटात दोन पेले असताना काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

अनेक भुतांची उत्तरे अशीच साधी आहेत. रात्री पडक्या घरातून येणारा चिरका आवाज आणि पांढरा चेहरा गव्हाणी घुबडाचाही असू शकतो. झोपेत छातीवर कुणी बसल्याचा आणि हातपाय हलत नसल्याचा अनुभव ‘स्लीप पॅरालिसिस’मध्ये येतो, मेंदू जागा होतो, पण स्नायू अजून झोपेतच असतात.

मग भीतीत मजा का?

कारण ती भीती सुरक्षित असते. भूत गोष्टीत असते आणि आपण मित्रांच्या घोळक्यात. हृदयाची धडधड वाढते, अंगावर काटा येतो, पण पळावे लागत नाही. डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी एका भीतिघरात ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भीती अगदी कमी असेल तर कंटाळा येतो, फार वाढली तर मजा जाते. सर्वाधिक आनंद मधल्या टप्प्यावर मिळतो. चांगला गोष्ट सांगणारा नेमका हाच टप्पा सांभाळतो. कुणी खरोखर घाबरले की तो मध्येच विनोद करतो.

मद्य संकोच सैल करते. एरवी ‘असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही’ म्हणणाराही दुसऱ्या पेल्यानंतर आजोळच्या विहिरीची हकिकत सांगतो. मात्र मद्याने आठवणही धूसर होते आणि झोपही मोडते. त्यामुळे अशा रात्रीनंतर कुणाला ‘काहीतरी दिसले’, तर आधी ग्लास मोजावेत.

अशा मैफलीतून साहित्य घडले आहे का?

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण स्वित्झर्लंडचे आहे. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा आलाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठच्या व्हिला दिओदातीमध्ये कवी बायरन, त्याचा डॉक्टर जॉन पॉलिडोरी, कवी शेली आणि १८ वर्षांची मेरी पावसामुळे घरात अडकले. मूळ जर्मन भूतकथांचे फ्रेंच पुस्तक वाचता वाचता प्रत्येकाने एक भूतकथा लिहायची, असे बायरनने सुचवले. त्यातून मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ आली. १ जानेवारी १८१८ रोजी ती लेखिकेच्या नावाशिवाय छापली गेली. पॉलिडोरीची ‘द व्हॅम्पायर’ १८१९ मध्ये छापली गेली ती चक्क बायरनच्या नावावर.

जपानमध्ये शंभर भूतकथांचा खेळ होता. प्रत्येक कथेनंतर एक दिवा मालवायचा. शंभरावा दिवा विझला की खरेच काहीतरी प्रकटते या भीतीने लोक नव्याण्णवावर थांबत.

मराठीतले उदाहरण अलीकडचे आहे. १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात एका मित्राने नारायण धारप यांची एक कथा ऐकवली आणि ती मनात घर करून राहिली, असे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितले आहे. त्यातूनच २०१८ चा ‘तुंबाड’ उभा राहिला. नावाला मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीचा संदर्भ होता.

गोष्ट गुन्हा कधी होते?

भूतकथा सांगणे, ऐकणे, लिहिणे यात गुन्हा नाही. धोका सुरू होतो तो गोष्टीतल्या भुताला जिवंत माणसाचा पत्ता दिला जातो तेव्हा. ‘त्या घरातली बाई करणी करते’, ‘हिच्या अंगात हडळ आहे’ ही वाक्ये मैफलीत हशा मिळवतात, पण गावात गेली की एखादीच्या जिवावर उठतात.

अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांत राज्याने अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, तसेच एखादी व्यक्ती करणी किंवा जादूटोणा करते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे हे या कायद्याने गुन्हे ठरवले. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड अशी आहे. कीर्तन, प्रवचन, भजन यांना कायदा लागू नाही, हेही त्यात स्पष्ट आहे.

या गोष्टी जपायच्या कशा?

आजी-आजोबांची पिढी सरत आहे, शेकोट्या आणि पडव्या कमी झाल्या. त्यामुळे मित्रांची मैफल ही आता या गोष्टींची एक मोठी आश्रयस्थाने बनली आहे. शंभर वर्षांपूर्वी शाळामास्तरांनी जे केले, ते आज मोबाइलवरही शक्य आहे. सांगणाऱ्याची परवानगी घेऊन गोष्ट ध्वनिमुद्रित करावी. गाव, जागा, झाड, सांगणाऱ्याने ती कुणाकडून ऐकली हे नोंदवावे. बोली तशीच ठेवावी. मालवणीतली गोष्ट पुणेरी केली की निम्मी मरते. जिवंत माणसांची आणि घरांची नावे मात्र वगळावीत.

ऐकणाऱ्यांसाठीही एक नियम पुरेसा आहे. गोष्ट ‘कोण अकाली गेले’ याची असेल, तर ग्लास खाली ठेवून नीट ऐकावी. ती ‘हिनेच खाल्ले’ म्हणत शेजारच्या बाईकडे बोट दाखवू लागली, तर तिथेच थांबवावी.