मुलाच्या शौचात रक्त म्हणजे मूळव्याधच असे नाही

लहान मुलाच्या शौचातून रक्त गेले की पहिले निदान शेजारीच करतात : उष्णता झाली, नाहीतर मूळव्याध. मग सब्जा, ताक, आणि फारच झाले तर ‘मूळव्याध-भगंदर’ अशी पाटी लावलेला दवाखाना. खरे तर लहान मुलांना मूळव्याध क्वचितच होते. न दुखता लालभडक रक्त जात असेल तर पॉलिप आहे का, हे पाहायला हवे.

पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेली मांसल गाठ. दोन ते दहा वर्षांच्या मुलांत ती बहुधा एकच असते. दुर्बिणीतून काढली की प्रश्न मिटतो, कर्करोगाची भीती बाळगायचे कारण नाही. कधी ती गुदद्वारातून बाहेर डोकावते आणि घरचे म्हणतात, ‘मोड आला.’

काळजी आहे ती दुर्मीळ प्रकारांची. ‘ज्युवेनाइल पॉलिपोसिस’मध्ये मोठ्या आतड्यात पाच किंवा अधिक पॉलिप असतात. थोडे थोडे रक्त जाऊन मूल फिके पडते आणि आपण नुसत्या लोहाच्या गोळ्या देत राहतो. ‘फॅमिलिअल अ‍ॅडिनोमॅटस पॉलिपोसिस’मध्ये साधारण किशोरवयापासून पॉलिप वाढू लागतात, पुढे शेकड्यांनी होतात. मोठे आतडे वेळेत काढले नाही तर चाळिशीच्या आसपास कर्करोग जवळजवळ ठरलेला.

तिसरा प्रकार ‘प्यूट्झ-जेगर्स’. यान प्यूट्झ या डच डॉक्टरांनी १९२१ मध्ये एका कुटुंबात तो नोंदवला. याची खूण चेहऱ्यावरच असते : ओठांवर, गालाच्या आतून, कधी बोटांवर काळसर-तपकिरी ठिपके. आपण त्यांना तीळ म्हणून सोडून देतो. वयात आल्यावर ओठांवरचे ठिपके फिकटही होतात. पॉलिप मात्र लहान आतड्यात वाढत असतात. त्यांच्या ओढीने आतड्यात आतडे शिरते, पोटात असह्य कळा येतात, उलट्या होतात. अशा वेळी थांबायचे नसते, थेट रुग्णालय गाठायचे. ठिपके असलेल्या मुलाला काहीही त्रास नसला तरी आठव्या वर्षाच्या सुमारास दुर्बिणीची पहिली तपासणी करावी, असे तज्ज्ञ सांगतात.

हे तिन्ही प्रकार जनुकातील दोषामुळे होतात. आई किंवा वडील, कोणा एकाकडे तो असला तर प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. कधी घरात आधी कोणालाच नसतानाही तो नव्याने उद्भवतो. तरी दोष सुनेच्या माहेराला दिला जातो, हा आपला जुना रोग. त्याहून घातक आहे ती लपवाछपवी. पोरींची लग्ने अडतील म्हणून काका आतड्याच्या कर्करोगाने गेले हे डॉक्टरांना सांगितलेच जात नाही, आणि ज्या भावंडांची तपासणी वेळेत होऊ शकली असती ती राहून जातात.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी न विचारताच सांगा : रक्त कधीपासून जाते, ओठांवर ठिपके आहेत का, आणि घरात आतड्याचा कर्करोग किंवा पॉलिप कोणाला होता. काढलेला पॉलिप प्रयोगशाळेत पाठवला का, हेही विचारा. प्रकार कोणता ते त्या अहवालातूनच कळते. त्याची प्रत जपून ठेवा, भावंडांच्या तपासणीच्या वेळी तीच लागेल.