हजार लेकरांची माय

गावागावांत एखादी खमकी आजी असतेच. पण हजारावर लेकरांची माय नि त्यांच्या पोरांची आजी झालेली सिंधुताई सपकाळ एकच. जन्म १४ नोव्हेंबर १९४८ चा, वर्धा जिल्ह्यातला. घरी नकोशी, म्हणून नाव पडले चिंधी. शाळा चौथीपर्यंत, लग्न बालवयात.

गावच्या बाया शेण गोळा करीत. पैसा जाई दुसऱ्याच्या खिशात. हिने त्याविरुद्ध तोंड उघडले. मग दिवस भरत आलेले असतानाच नवऱ्याने घराबाहेर काढले. ती गोठ्यात बाळंत झाली. रेल्वेत गाणी म्हणून पोट भरले, मिळालेला घास अनाथ पोरांत वाटला. अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याला मुलींचे वसतिगृह काढले. आपले-परके नको, म्हणून पोटची मुलगी पुण्यातील एका संस्थेकडे सोपविली. म्हातारपणी नवरा आला, तेव्हा त्यालाही लेकरू म्हणूनच ठेवून घेतले.

२०२१ साली पद्मश्री मिळाली. ४ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात माई गेली.

तुमच्या ओसरीवर आजी अजून बसत असेल, तर आज दिवेलागणीला तिच्यापाशी बसा. तिची कहाणी विचारा. उद्यावर टाकू नका.