दगड झालेलं लाकूड

विदर्भात लाव्हाच्या थरांमधल्या गाळात सापडणारं अश्मीभूत लाकूड (दगडरूपात टिकलेलं झाड) म्हणजे वाळून कडक झालेलं लाकूड नव्हे. झाड गाडलं गेल्यावर भूजलातली सिलिका (वाळूतलं मुख्य खनिज) पेशीपेशीत भरत गेली. गोधडीचा एकेक टाका उसवून तिथेच नवा घालावा, तसं. नक्षी जुनी, धागा वेगळा. असा तुकडा हाताला जड लागतो, काचेवर ओरखडा काढतो. पण एवढ्यावर हुरळू नये, गारगोटीही तेच करते. आडव्या छेदात भिंगाखाली लाकडाची रचना दिसायला हवी. वर्षवलयंच हवीत असं नाही. ताडवर्गीय झाडांत ठिपके दिसतात. किंमत निव्वळ वयावर ठरत नाही. अभ्यासकाला मोल असतं ते नेमक्या जागेच्या नोंदीचं. म्हणून तुकडा हलवण्याआधी जागेवरच फोटो काढा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र विभागाला दाखवा.