खोल बुडीचा हिशेब

सुटींत मालवण-तारकर्लीस जाऊन आलेल्या मंडळींस पाठीवर नळकांडें बांधून पाण्याखालीं श्वास घेण्याची गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. थोडें खालीं जावें, मासे व प्रवाळ पाहावें आणि वर यावें, एवढाच तो खेळ. परंतु साठ-सत्तर मीटर खालीं रुतलेलीं जहाजें पाहावयास जाणाऱ्या पाणबुड्यास वाटेल तेव्हां वर येतां येत नाहीं.

समुद्रांत दर दहा मीटरांस एक वातावरण इतका दाब वाढतो. म्हणजे सत्तर मीटरांवर तो पृष्ठभागाच्या आठपट होतो. श्वासांतला नत्रवायु त्या दाबानें रक्तांत व मेदांत विरघळूं लागतो, आणि वर येतांना घाई केली तर सोड्याच्या बाटलीचें बूच काढावें तसे त्याचे बुडबुडे शरीरांतच उठतात. हाल्डेन या शास्त्रज्ञानें ब्रिटिश नौदलासाठीं बकऱ्यांवर प्रयोग करून, टप्प्याटप्प्यानें थांबत वर येण्याचीं कोष्टकें १९०८ सालीं प्रसिद्ध केलीं. पुढें झुरिकच्या ब्यूलमान यांनीं शरीराचे सोळा काल्पनिक विभाग मानून हें गणित अधिक सूक्ष्म केलें. आजच्या मनगटी संगणकांपैकीं पुष्कळांत तेंच क्षणोक्षणीं चालू असतें.

दुसरी अडचण साध्या हवेची. सत्तर मीटरांवर तिच्यांतील नत्रवायूची गुंगी चढते, आणि प्राणवायूचा दाब १.६८ वातावरणांवर जातो. १.४ ही कामाच्या वेळची मर्यादा समजतात. १९९१ सालीं न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे सुमारें सत्तर मीटरांवर एक जर्मन पाणबुडी सांपडली. ती यू-८६९ होय, हें १९९७ सालीं ठरलें. १९९२ च्या ऑक्टोबरांत एक पिता व त्याचा पुत्र साधीच हवा घेऊन तिच्यांत उतरले. आंतील सामान कोसळून मुलगा अडकला. त्यास सोडविण्यांत वेळ गेला, आणि दोघेही थांबे न घेतां वर आले. दोघेही दगावले.

म्हणून हेलियम. शेंकडा १५ प्राणवायु, ५५ हेलियम व उरलेला नत्रवायु असें मिश्रण घेतलें, तर सत्तर मीटरांवर प्राणवायूचा दाब १.२ भरतो, व नत्रवायूची गुंगी वीस मीटरांवरच्या हवेइतकीच राहते. परतीच्या वाटेवर २१ मीटरांपासून निम्म्या प्राणवायूचें, व ६ मीटरांवर शुद्ध प्राणवायूचें नळकांडें तोंडीं लावावयाचें. हे तिन्ही वायु संगणकास आधीं सांगून ठेवतात, आणि येथेंच खरी गोम आहे. संगणकास खोली व वेळ कळते. नळकांड्यांत काय भरलें आहे, याची त्यास दाद नसते. भरणाऱ्यानें चूक केली आणि पाणबुड्यानें स्वतः वायु मोजून पाहिला नाहीं, तर यंत्र चुकीच्या आंकड्यांवर बिनचूक गणित करीत राहील. निम्म्या प्राणवायूचें नळकांडें चुकून तळाशींच तोंडीं गेलें, तर दाब ४ वातावरणें होतो. आंचके येऊन तोंडांतली नळी सुटते आणि माणूस बुडतो. याकरितां प्रत्येक नळकांड्यावर मोठ्या आंकड्यांनीं खोली लिहितात, व सोबत्यानें ती वाचल्याखेरीज वायु बदलीत नाहींत.

बरोबर न घेतलेला वायु यंत्राच्या यादींत राहिला, तरी तें तो जमेस धरून वर येण्याचा वेळ कमी दाखवितें. न आणलेल्या साखरेवर सणाचा बेत आंखावा, तसलाच हा प्रकार.

वायूच्या सांठ्याचा हिशेब तर घरीं कागदावरच मांडावा. पृष्ठभागावर मिनिटास २० लिटर लागणाऱ्या माणसास सत्तर मीटरांवर १६० लिटर लागतात. पंधरा मिनिटांस २४००. बारा लिटरांचीं दोन नळकांडीं २०० वातावरणें दाबानें भरलीं, तर एकूण ४८०० लिटर. निम्मे उरले म्हणून तळाशीं आणखी रेंगाळावें, असें नवख्यास वाटतें. पण सोबत्याचा वायु संपला, आणि दोघांनीं घाबरलेल्या श्वासांनीं, मिनिटास तीस-तीस लिटर ओढीत, २१ मीटरांपर्यंत यावयाचें झालें, तर तो निम्मा जेमतेम पुरतो. आमच्या मतें रीतसर शिक्षण घेतलेल्याची ओळख संगणकाच्या किंमतीवरून होत नाहीं, या निम्म्यास तो हात लावतो कीं नाहीं, यावरून होते.

प्राणवायूचें नळकांडें हरवलें तर थांबे किती लांबतील, पांच मिनिटें अधिक गेलीं तर काय, हेंही आधींच काढून पाटीवर लिहितात. शिवाय दुसरा संगणक असतोच. सहा मीटरांवर दोरी धरून लोंबकळणाऱ्या पाणबुड्यास वर नौकेचा तळ स्पष्ट दिसत असतो. पंधरा मिनिटांच्या पाहण्यापायीं त्याच्या दुपटीहून अधिक वेळ थांब्यांत जातो. थंडीनें बोटें बधिर होतात, आणि पाटीवरील ओळी तो एकेक करून खोडीत असतो.