पट्टा, मणी आणि घड्याळ

बीपीचं मशीन विकलं की व्यवहार संपला, असं मेडिकलवाल्याला कधीच म्हणता येत नाही. जामखेडात तर नाहीच. मशीन नेलेला माणूस आठवड्याभरात परत येतो, डबा काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "हे खोटं दाखवतंय." दवाखान्यात 130 होतं, घरी 160 लागलं. सकाळी एक आकडा, संध्याकाळी भलताच. पैसे गेले म्हणून गिऱ्हाईक चिडलेलं असतं आणि आकडा मोठा म्हणून आतून हादरलेलंही असतं.

आमच्या दुकानात औषधांच्या रॅकमागं एक लाकडी खुर्ची आहे. खरं दुकान तिथं चालतं. माणसाला तिथं बसवायचं आणि आधी मशीनकडं नाही, त्याच्याकडं बघायचं. खर्ड्याहून नाहीतर नान्नजहून मोटारसायकल हाणत आलेला असतो, स्टँडवर चहा झालेला असतो, तक्रार सांगता सांगता थांबत नसतो. पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसवायचं. बाही वर सारून दंड उघडा करायचा, पट्टा कोपराच्या दोन बोटं वर बांधायचा, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवायचा. तेच मशीन मग बऱ्याचदा दवाखान्याच्या आकड्याजवळ येतं. घरी काय केलं होतं, ते विचारलं की कळतं: पट्टा सदऱ्यावरून बांधलेला, हात खाली लोंबकळत सोडलेला, शेजारी टीव्ही चालू आणि घरातले सगळे भोवती उभे.

डॉक्टर स्टेथोस्कोप लावून बीपी बघतात तेव्हा ते आवाज ऐकत असतात. कोरोटकोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरानं 1905 साली ही पद्धत सांगितली. घरच्या मशीनला तो कान नाही. पट्ट्यातली हवा सुटत असताना नाडीच्या ठोक्यांनी तिच्यात जे हेलकावे उठतात, त्यांवरून ते हिशोब करून आकडा काढतं. म्हणून हात हलला, माणूस बोलला, ठोके अनियमित पडले की हिशोब बिघडतो. दुसरी गोष्ट पट्ट्याच्या मापाची. डब्यात बहुधा एकच पट्टा येतो. बारीक दंडाच्या म्हातारीला तो मोठा होतो आणि बीपी आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. भरल्या दंडाच्या माणसाला आखूड पडतो आणि जास्त दाखवतो. ही गोष्ट विकताना सांगितली जात नाही आणि डब्यातल्या कागदावर असली तरी इतक्या बारीक इंग्रजीत असते की वाचणार कोण?

ऑक्सिमीटरची गोष्ट तर सगळ्यांच्या अंगावरून गेलेली आहे. सप्टेंबर 2020 मध्ये राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि आरोग्य पथकं ऑक्सिमीटर आणि तापाची बंदूक घेऊन घरोघर फिरली. गावागावांत बाया-माणसांनी पहिल्यांदा आपल्या बोटावर आपलाच ऑक्सिजन पाहिला. त्या काळात रोज फोन यायचे: आबांचं बोट 86 दाखवतंय, काय करू? आधी विचारायचं, हात गार आहेत का? थंडीत पहाटे दारं धरून आलेल्या माणसाच्या बोटांत रक्त कमी फिरतं. हात चोळून ऊब आणली की पुन्हा बघायचं. नखाला गडद रंग असेल, काळी मेंदी असेल तर दुसरं बोट. आणि एवढं करून आकडा खालीच राहिला, माणसाला धाप असली, तर फोनवर बोलत बसायचं नाही, गाडी काढायची.

या चिमट्यामागचं डोकं ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याचं. 1974 च्या सुमारास त्यांनी ओळखलं की बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडले आणि ठोक्याबरोबर कमीजास्त होणारा भाग तेवढा मोजला, तर रक्तातला प्राणवायू सुई न टोचता कळतो. अप्रतिम कल्पना. पण प्रकाशाला कातडीतून जावं लागतं. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक अभ्यास छापला. ऑक्सिमीटर ठीक दाखवत असताना प्रत्यक्ष रक्तात प्राणवायू कमी, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा आढळलं होतं. उन्हात राबणाऱ्या आपल्या माणसांच्या सावळ्या बोटांना ही गोष्ट लागू पडू शकते, आणि म्हणून 94 आकडा दिसतो पण माणूस बसल्या जागी धापा टाकतोय, तर विश्वास माणसावर ठेवायचा.

हे शहाणपण आमच्या गावानं इंटरनेटवरून उचललेलं नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 साली जामखेडला आले, तेव्हा त्यांनी आधी शिकलेल्या नर्स खेड्यांत ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. मग त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या, बहुतेक निरक्षर, त्यांतल्या कित्येक दलित वस्तीतल्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, शिकत आणि गावी परत जात. ज्यांच्या हातचं पाणी गाव घेत नव्हतं, त्यांच्या हातात डॉक्टरांनी स्वतःची साधनं दिली, बाळाचं वजन, गरोदर बाईची तपासणी, रक्तदाब शिकवला, आणि त्याच घरांची दारं त्यांच्यासाठी उघडली. त्यांच्या आरोग्य प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे 1971 मध्ये हजार जन्मांमागं 176 अर्भकं दगावत होती. 1976 पर्यंत तो आकडा 52 वर आला. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं.

पडद्यामागचा किस्सा सांगायचाच, तर मुक्ताबाई पोळांचा. जामखेडच्या या आरोग्यसेविका अमेरिकेत वॉशिंग्टनला एका परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात वर झळझळती झुंबरं होती. त्यांनी ती दाखवली आणि म्हणाल्या की डॉक्टर या झुंबरांसारखे, सुंदर पण महाग आणि लांब. मग पिशवीतून दोन दिवे काढले, एक पेटवला आणि त्यावरून दुसरा पेटवला. आमचं काम हे असं, असा त्याचा अर्थ होता. मला यात सगळ्यात मोठी वाटते ती पिशवी. वॉशिंग्टनला जाताना सामानात दिवे भरणाऱ्या बाईला काय सांगायचंय ते घरूनच ठरलेलं होतं.

याच जातीचं दुसरं साधन गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या दाईसाठी श्वास मोजायचं यंत्र केलं: मण्यांच्या दोन ओळी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 झाले, त्यापुढं वर्षापर्यंतच्या बाळाचे 50 झाले, तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. पण साठपर्यंत मोजायला न येणाऱ्या बाईनं करायचं काय? तिला दहापर्यंत येत होतं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर औषध सुरू. ना सेल, ना पडदा. शोधाची खरी हुशारी मला इथं दिसते, कारण बनवणाऱ्यानं आधी वापरणारीला काय येतं ते विचारलं.

आता स्मार्ट घड्याळांचं. पुण्याला नोकरी करणारी पोरं दिवाळीला येतात आणि वडिलांच्या मनगटावर घड्याळ बांधून जातात. 2018 पासून अ‍ॅपलचं घड्याळ मनगटावरच ईसीजी काढतं, आणि त्यानं अनियमित ठोके वेळेवर पकडले तर माणूस वाचू शकतो. पण पोरगं परत गेलं की वडील ते घेऊन दुकानात येतात आणि विचारतात, यात बीपी कुठं दिसतं? सॅमसंगच्या ज्या घड्याळांत बीपी दिसतं, त्यांनाही दर 28 दिवसांनी दंडावरच्या पट्ट्याशी ताळा करून द्यावा लागतो. अ‍ॅपलनं सप्टेंबर 2025 मध्ये नवी सोय आणली: तीस दिवसांच्या ठोक्यांवरून घड्याळ उच्च रक्तदाबाची शंका कळवतं. आकडा मात्र देत नाही. शंका आली की सात दिवस पट्ट्याच्या मशीननं बीपी मोजा, लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा, असं ते स्वतःच सांगतं. म्हणजे जगातलं महागातलं घड्याळसुद्धा शेवटी माणसाला आमच्या रॅकमागच्या खुर्चीवर पाठवतं.

त्या खुर्चीजवळ भिंतीला आम्ही एक कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरांत, मराठीत: पाच मिनिटं बसा, बोलू नका, बाही वर, हात छातीच्या उंचीला, दोनदा मोजा, तारीख-वेळ लिहा. मशीनबरोबर त्याची झेरॉक्स देतो, आणि शक्यतो घरातल्या सुनेला नाहीतर शाळेत जाणाऱ्या पोरीला बोलावून पट्टा तिच्या हातून बांधून घेतो. तिचं एकदा बरोबर आलं की डबा परत येत नाही. कंपन्यांकडं माझ्या दोनच मागण्या आहेत: डब्यात लहान आणि मोठा असे दोन पट्टे द्या, आणि हा कागद तुम्हीच मराठीत छापा.